मालूने विचारलं

लेकीच्या घरी आलेल्या काळुरामने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि जावयाच्या हातावर ठेवलं.

"वापर, जगन. मला वेल बघून काय करायचंय?"

मग पिशवीतून बायकोच्या चांदीच्या पाटल्या काढून त्याने लेकीपुढे सरकवल्या. मालू पाटल्यांकडे नाही, बापाच्या तोंडाकडे बघत होती. आई गेल्यापासून इतकं मोकळं हसताना तिने त्याला पाहिलं नव्हतं.

"कोंबड्यांना कोण बघतंय, बाबा?"

"शेजारच्या बायजाला देऊन टाकल्या."

घड्याळ, पाटल्या, आता कोंबड्याही. दोन वर्षांपूर्वी मिठागरावरून परतल्यावर तो म्हणाला होता, "आता जगावंसं वाटत नाय गो." पेणच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, तो बरा झाला. पण तेव्हाच त्यांनी मालूला बजावलं होतं, एकदा असं मनात आलेलं माणूस बरं दिसलं, तरी विचारत राहा.

ती चहाला म्हणून आत गेली. जगन मागोमाग आला. बाबांना सरळच विचारते, असं ती म्हणाली, तेव्हा तो दबक्या आवाजात म्हणाला, "बरे झालेत ते. नको तो शब्द काढून त्यांच्या डोक्यात कशाला भरवतेस?"

बाहेर काळुराम उठला. "निघतो मी. वडखळला गाडी भेटंल."

मालू दारात आडवी उभी राहिली.

"बाबा, मरायचं मनात येतंय का परत?"

जगनने मान फिरवली. गडब गावाच्या हमरस्त्यावरून एक ट्रक गेला.

"दोन वर्सं झाली गो त्याला," काळुराम म्हणाला. "तू अजून ध्यानात ठेवलंस?"

"रोज भ्या वाटतं."

तो ओट्यावर मटकन बसला. हसू कुठल्या कुठे गेलं.

"मला वाटलं, सगली इसरली. एकदा बोलून झालं, परत कुनाला सांगू?"

जगनने रिक्षा बोलावली. पेणला पोचेपर्यंत मालूने बापाचा दंड सोडला नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मालूला बाहेर बसायची खूण केली.

"तिला ऱ्हाऊ द्या," काळुराम म्हणाला.

मालूला तिथून पळून जावंसं वाटत होतं. तिने स्टूल ओढून त्याच्याजवळ घेतलं, आणि तो सांगू लागला.