बोटाएवढे निळे

"तांडेलकाका, टाकीत आधी कोणते सोडू?" डॉक्टर मृणाल मयेकरनं विचारलं. गोठवलेल्या पेशींपासून ती कुठलाही मासा जिवंत करू शकत होती. समुद्र मरण्याआधी प्रयोगशाळेनं प्रत्येक जातीचा एकेक मासा मागितला होता, आणि बाबल तांडेलांनीच ते आणून दिले होते.

"बांगडो," नव्वदीचे बाबल म्हणाले. "मगे सुरमय, सरंगो."

"ते नंतर. आधी प्रवाळावरचं शेवाळ खाणारे बारके लागतात, नाहीतर टाकीत काहीच जगणार नाही. ते कुठल्या कुपीत आहेत?"

बाबलना ते डोळ्यांसमोर लख्ख दिसले. निळे, पट्ट्यांचे, बोटाएवढे. खाण्याजोगे नव्हते, म्हणून रोज जाळं झटकून ते वाळूत टाकायचे.

"काका?"

म्हाताऱ्याचे हात नुसतेच हवेत जाळं झटकत राहिले.

"माज्याकडे मासे मागितले, बाय," ते पुटपुटले. "तेंका मासे कोण म्हणता?"