गोळीचा उपास

“सिस्टर, पाळणा लांबवायची गोळी उपासाले चालते काय?”

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून मी अनसिंगच्या दवाखान्यात बेबीताई नर्सना सगळ्यांसमोर विचारलं. मैत्रिणी खिदळल्या. मी नाही. आई दर सोमवारी, चतुर्थीला, एकादशीला गोळी डब्यातच ठेवायची.

“गोळीले कायचा उपास, पोरी? रोजच घ्या लागते. अशी सोडली, तर दिवस जातीनच.”

पूर्वी आई गाणी म्हणत माझ्या दोन वेण्या घालायची. मग एकेक भावंड आलं, अन् गाणी राहूनच गेली.

आईला सांगितलं, तर म्हणाली, “उपास मोडून पाप घेऊ काय?”

मग संध्याकाळी आई-बाबांसमोर उभी राहिले. “बाबा, आजपासून आईचे सारे उपास मीच धरीन. आई, तू जेव अन् गोळी घे.”