चार बापांची सुटी

"मॅडम, इस आदमी के चार बाप मरे हैं," पराग म्हणाला आणि हसत खुर्ची मागे रेटली.

मीनल चिंचाळकरनं स्क्रीनकडे पाहिलं. रसमड्याच्या त्या कारखान्यात कामगारांच्या सुट्या आणि हजेऱ्या सांभाळत तिची अठरा वर्षं गेली होती. पण गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरवर नवं व्हर्जन आलं आणि पहिल्या दिवसापासून ते तिला नकोसं झालं. जुन्यात दर वर्षाची फाईल वेगळी असायची. नव्यात नावावर क्लिक केलं की माणसाचा सगळा जन्म एका पट्टीवर पसरायचा. लेकीचं लग्नही 'इव्हेंट', बायकोचं मरणही 'इव्हेंट'. संशय आला की नावाभोवती लाल कडं. हे शिकवायला हेड ऑफिसनं पराग नावाचा पोरगेलासा साहेब पाठवला होता, तोही तसाच गुळगुळीत.

लाल कड्यात नाव होतं क्रेन ऑपरेटर तेजराम नेवारे याचं. वडिलांचं निधन, चार वेळा. आईचं निधन, दोन वेळा. शेवटची नोंद एप्रिल २०२१ची. प्रत्येक वेळी दहा दिवसांची सुटी.

"इतने साल किसीने पकडा नहीं?"

"वर्षावर्षाची फाईल वेगळी होती," मीनल म्हणाली. "जोडून कोण पाहणार?"

"अब सिस्टीम देखेगा. तीन बजे डेटा लॉक होगा. उसके पहले आप अपने लॉगिन से 'खोटी माहिती' दबा दीजिए. बाकी काम अपने आप. नौकरी खतम."

तेजरामच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. मीनलला त्याची कीव आली नाही. तिला आठवत होतं, दर वेळी हा माणूस चक्क गोटा करून कामावर यायचा. ती हात जोडून "फार वाईट झालं हो" म्हणायची आणि तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. सुटीसाठी केवढं ते सोंग! बाप मारायचा, माय मारायची, वर डोकं भादरून यायचं. 

आणि तेही २०२१मध्ये! त्या एप्रिलमध्ये ती स्वतः तोंडाला ऑक्सिजन लावून एकवीस दिवस दवाखान्यात पडून होती. खालच्या मजल्यावर बाबा गेले, तिला तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. दादानं, अद्वैतनं, एकट्यानं जाऊन अग्नी दिला. कोणी घराबाहेर पाऊल टाकत नव्हतं तेव्हा तो गेला. म्हणून तर बाबांच्या तिथीला जुनवानीच्या घरी पहिलं पान अद्वैतला मिळायचं आणि मीनल त्याच्या पायावर डोकं ठेवायची. अशी माणसं एकीकडे आणि असली एकीकडे.

तेजराम आला. हेल्मेट काखेत धरून दाराशीच थांबला.

"बैठो," पराग म्हणाला.

"उभाच बरा, साहेब. कपडे तेलाचे हायेत."

"तेजरामभाऊ, तुमचे वडील कधी वारले?" मीनलनं विचारलं.

"मी आठवीत होतो तवा."

"मग हे चार कोण?"

त्यानं हेल्मेट दुसऱ्या काखेत घेतलं.

"लाज नाही वाटली? आईला दोनदा मारलंत!"

"फारमात जागाच तेवढ्या होत्या ना, बाई. बाप, माय, बायको, लेकरू. दुसरं काई लिवाले जागाच नोती."

"दुसरं म्हणजे काय?"

तेजरामनं तिच्याकडे पाहिलं. मग नजर फरशीवर नेली. "जाऊ द्या. खोटं हाय म्हणून लिवून टाका. सही कुठं करू ते सांगा."

"देखा? मान गया," पराग म्हणाला.

"अर्जांना कागद जोडलेत, तेव्हा कोणी उघडून पाहिले नाहीत," मीनल म्हणाली. "ते काय आहेत?"

तेजराम पहिल्यांदाच गडबडला. "कागद राहू द्या, बाई. कावून उघडता? मी कबूल करून राहिलो ना."

आता तर तिची खात्रीच पटली. कागदही बनावट असणार. तिनं त्याच्यापुढे कबुलीचा कागद सरकवला. त्यानं सावकाश अक्षर जुळवत सही केली, हेल्मेट घातलं आणि "येतो, बाई. तब्येत सांभाळा" म्हणून निघून गेला. चोराच्या तोंडी काळजी! तिनं त्यानं धरलेलं पेन फडक्यानं पुसलं.

पावणेतीनला तिनं बटण दाबलं. नव्या व्हर्जननं अडवलं. जोडलेले कागद उघडल्याशिवाय पुष्टी होणार नाही.

"फटाफट नीचे सरका दो, मॅडम. कौन पढता है?"

मीनल तशातली नव्हती. कोणाची भाकरी काढून घ्यायची तर डोळे उघडे ठेवून घ्यायची.

सगळ्या पावत्या मुक्तिधाम स्मशानघाटाच्या होत्या, खऱ्या शिक्क्यांच्या. पहिली ओडिशाच्या एका ठेकेदारी मजुराची. नातलग सापडले नाहीत, मुखाग्नी तेजराम नेवारे. दुसरी स्टेशनवर सापडलेल्या म्हातारीची. मुखाग्नी तेजराम नेवारे. तिसरी, चौथी, पाचवी. ज्यानं अग्नी दिला त्यानं दहा दिवस सुतक पाळायचं, ते त्यानं प्रत्येकाचं पाळलं होतं.

तिनं आपल्याच बोटांकडे पाहिलं. मग एप्रिल २०२१ची पावती उघडली. घाईघाईत लिहिलेली, शाई फुटलेली.

मृतक – सूर्यकांत चिंचाळकर, जुनवानी.

परिजन – पुत्र अद्वैत को तीन बार फोन किया. आने से मना किया.

मुखाग्नि – तेजराम नेवारे.