इंगळाई कुठं गेली

"आजी, हे पाह्य. तुही इंगळाई," असं म्हणत पुष्पांजलीनं लॅपटॉप आजीकडे वळवला.

जनकाबाई ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. पडद्यावर तीन दगडांची चूल होती. चुलीत राख होती, आणि राखेतून दोन लाल डोळे बाहेर बघत होते.

"हे डोळे कोणी काढले?"

"ऑफिसातल्या चित्रवालीनं. काऊन, चांगले नाही आले?"

"तिले डोळे कुठं होते व? तिले कोणी पाह्यलंच नाही कधी."

दिवाळीत बोलता बोलता जनकाबाईंच्या तोंडून इंगळाईचं नाव निघून गेलं होतं. पूर्वी देऊळघाटात रोज नवी काडी ओढत नसत. रात्री चुलीतला इंगळ, म्हणजे धगधगता निखारा, राखेखाली झाकायचा आणि पहाटे फुंकून त्यावरच चूल पेटवायची. त्या इंगळात इंगळाई राहते, असं बायका मानत. तिला देऊळ नव्हतं, मूर्ती नव्हती. पुरुषांना तर तिचं नावही ठाऊक नव्हतं. घरातली एकच बाई तिची राखणदारीण असे. सासूचे हात कापू लागले की ती सुनेच्या हातानं इंगळावर राख घालून घेई. त्या दिवसापासून राखण सुनेची.

पुष्पांजली एका कंपनीसाठी घरी बसून गेमच्या गोष्टी लिहायची. तिनं ही देवी उचलली आणि राक्षस, जादूगार, उडत्या घोड्यांच्या गर्दीत नेऊन ठेवली.

"लाखभर लोक खेळून राह्यले, आजी. अन् सारे भांडून राह्यले. कोणी म्हणते इंगळाई मेली, कोणी म्हणते लपून बसली. आपण सांगितलंच नाही ना तिचं पुढं काय झालं. आज संध्याकाळपर्यंत पुढचा भाग पाठवायचा हाय."

"मंग काय लिहिलं तू?"

"ऐक. इंगळाई आपोआप नाही विझली. तिच्या राखणदारणीनंच तिच्यावर पाणी ओतलं. आता ती जागी होते अन् त्या बाईले शोधत घरोघर फिरते."

जनकाबाईंनी खाली ठेवलेलं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"हे तुले कोणी सांगितलं?"

"कोणी नाही व. मनानंच लिहिलं. खोटंच असते हे सारं."

घरात गॅस आला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट जनकाबाईंना आठवली. राखण तोवर त्यांच्याकडे आली होती. सासू वच्छलाबाई नदीवर गेल्या होत्या. धुरानं डोळे जळत होते. पुढची एक सकाळ, फक्त एक, उजाडेपर्यंत झोपायचं एवढंच जनकाबाईंच्या मनात होतं. त्यांनी राख बाजूला केली आणि तांब्यातलं पाणी इंगळावर ओतलं. सासू आल्यावर जनकाबाई म्हणाल्या, रात्रीतून आपोआपच गेली. वच्छलाबाईंनी राखेत बोट घातलं. ते ओलं निघालं. त्यांनी ते लुगड्याला पुसलं आणि मरेपर्यंत त्यावर एक अक्षर काढलं नाही. जनकाबाईंनीही नाही. त्याला आता चाळीस वर्षं झाली होती.

"ते पाण्याचं काढून टाक, पुष्पे."

"भ्याली का काय तू? अवं, गेम हाय तो! पोट्टे मोबाईलवर खेळतात."

"लाख जण नाव घेऊन राह्यले म्हणते ना तू? एवढ्या वर्षांत तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं. एवढ्या जणांनी हाका मारल्यावर कोणीही उठून बसंन."

पुष्पांजली हसली. मग आजीचे हात पाहून तिचं हसू ओसरलं. सुपाच्या काठावर ठेवलेले ते हात थरथरत होते आणि सुपातली डाळ बारीक वाजत होती.

"बरं, राहू दे," ती नरमाईनं म्हणाली. "मेली म्हणून लिहू काय? झगडाच मिटला. ना शोधणं, ना काही. देवी तुही, तू म्हणशीन तसं."

पुष्पांजलीनं उत्तराची वाट न बघता बोटं चालवली. पडद्यावर, त्या दोन डोळ्यांच्या खाली, अक्षरं उमटली. इंगळाई मेली.

दोनच शब्द. आता कोणी शोधत येणार नव्हतं. जनकाबाईंनी ते वाचले, पुन्हा वाचले. त्यांना हायसं वाटायला हवं होतं, पण हातात पुन्हा तो पाण्याचा तांब्या असल्यासारखं वाटलं.

"पुस ते."

"आता आणखी काय झालं?"

"पुस म्हणते ना! एकडाव झालं ते पुरे हाय."

"एकडाव म्हणजे?"

आजीनं पडद्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवलं. पुष्पांजलीनं दोन्ही शब्द पुसले.

"मंग ती शोधत निघते, असंच ठेवू?"

"ठेव."

"अन् ते पाणी ओतणारी बाई? ती तं गाव सोडून पळाली असंन कुठं तरी. तिले सापडायले दोन-तीन भाग तरी लागतीन."

जनकाबाईंनी पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला. दुपारचं ऊन अंगणात होतं, तरी त्यांना थंडी वाजत होती.

"नाही पळाली," त्या म्हणाल्या. "लिही, घरीच हाय. दाराले कडी नाही लावत म्हणावं."