हिरव्या सॅकवाला

"वळून बघू नकोस," सासूबाई चहाचा कप ओठांशी नेत म्हणाल्या. "तोच आहे. कालचा, बसमधला."

सुनेने अर्थातच वळून बघितलं.

हॉस्टेलच्या नाश्त्याच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर एक उंच तरुण टोस्टला लोणी लावत बसला होता. पायाशी हिरवी सॅक.

"आई, विमानतळावरून येणारी ती एकच बस. अर्धी बस याच गल्लीत उतरली."

"अर्धी बस आपल्या हॉस्टेलात नाही आली. चेहरा बघ कसा गरीब गाईसारखा! वरून कीर्तन, आतून तमाशा. असली माणसं मी पुष्कळ पाहिलीत."

सून हसली. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच. सासूबाईंनी कप खाली ठेवला.

या प्रवासाची टूम त्यांचीच. साठी उलटलेली बाई आणि तिशीतली सून पाठीवर सॅक टाकून निघाल्या, तेव्हा शेजारणी जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!" मुलगा अचानक गेला आणि घर खायला उठायला लागलं. नातेवाइकांनी सुनेच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, की ती हात जोडायची. "आईंना सोडून मी कुठेही जाणार नाही. विषय संपला." सासूबाई मान खाली घालून बसून राहायच्या. उभ्या जगात त्यांना हे एकच माणूस उरलं होतं. तेही गेलं, तर तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून मग बोलायचं कुणाशी, हे त्या देवालाच ठाऊक.

बाहेर रस्ता म्हणजे नुसता स्कूटरींचा पूर. हॉर्न, धूर, डोक्यावर तारांची जाळी. दोघी कडेला उभ्या त्या उभ्याच.

"काकू, थांबू नका. एका चालीने चालत राहा, त्या आपोआप वळतात."

हिरवी सॅक! आणि बोलला तो चक्क मराठीत.

"अगं बाई, तुम्ही आपल्याकडचे?" सुनेचा चेहरा उजळला.

"परमुलखात आपली भाषा बोलून जो पहिला जवळ येतो, तो ठग असतो," सासूबाई म्हणाल्या. त्याला ऐकू जाईल अशाच आवाजात.

तो कानापर्यंत लाल झाला. पण हात आडवा धरून त्याने दोघींना पलीकडे नेलं, "सांभाळून जा, काकू," म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला.

दुपारच्या आत तो पुन्हा भेटला, संग्रहालयाच्या पायऱ्यांवर.

"आता म्हण योगायोग!" सासूबाई कुजबुजल्या.

तोच हसत जवळ आला. "खरं सांगू का? मला वाटायला लागलंय, तुम्हीच माझ्या मागावर आहात."

सून खळखळून हसली. सासूबाई हसल्या नाहीत.

"काय करतोस?"

"पुलांची तपासणी करतो. कुठे तडा गेलाय का, ते बघायचं."

"आणि माणसांची?"

"ते नाही जमत, काकू. एकदा फसलोय. लग्न ठरलं होतं, मोडलं."

"दारू पितोस?"

"आई!" सून ओरडली.

"एकदा प्यालो होतो. मग आईला फोन करून तासभर रडलो. तिनेच शपथ घातली, पुन्हा पिऊ नकोस म्हणून. माझ्या तब्येतीसाठी नाही, तिच्या झोपेसाठी."

"कबूल केलं म्हणजे खरंच असतं असं नाही," सासूबाई म्हणाल्या आणि पायरी उतरायला वळल्या. तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून सॅक घसरली. चेन उघडी होती. औषधं, पातळं, देवाची तसबीर, सगळं पायऱ्यांवर विखुरलं.

"धक्का दिलास मला!"

चार माणसं थांबून बघायला लागली. तो तर दोन हात लांब होता. त्याने ना वाद घातला, ना तोंड वाकडं केलं. गुडघ्यावर बसून एकेक वस्तू गोळा केली. तसबीर रुमालाने पुसली आणि सगळ्यात वर ठेवली. सासूबाई डोळ्यांत तेल घालून त्याच्या हातांकडे बघत होत्या.

"त्यांनी बोटही लावलं नव्हतं, आई," सून म्हणाली. तिचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "झालंय काय तुम्हाला?"

जेवण झाल्यावर खोलीत सून बराच वेळ केस विंचरत राहिली. मग आरशातच बघत म्हणाली, "नदीवर बोट जाते. ते विचारत होते, आपण दोघी येतो का."

"माझा गुडघा धरलाय. आणि तूही जायचं नाहीस. परक्या पुरुषाबरोबर बोटीत? लोक काय म्हणतील?"

"इथे ओळखतंय कोण आपल्याला?"

"मी ओळखते ना!"

सुनेने कंगवा ठेवला. निळी ओढणी घेतली. "गुडघ्याचं मलम उशाशी ठेवलंय. अंधार पडायच्या आत येते."

"गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस."

ती दारात क्षणभर थांबली. मग गेली. दार आपटलं असतं तर बरं, पण तिने ते हळूच ओढून घेतलं.

सासूबाई ताडकन उठून खिडकीशी गेल्या. खालच्या गर्दीत निळी ओढणी आणि हिरवी सॅक दिसली. दोघांमध्ये चांगलं हातभर अंतर. फळांच्या गाडीपाशी एक स्कूटर अंगावर आल्यासारखी वाटली, तशी ओढणी सॅकला बिलगली आणि मग सुटी झालीच नाही. वळणावर सून मान मागे टाकून हसली. वरपर्यंत काही ऐकू आलं नाही, पण ते हसू सासूबाईंना माहीत होतं. मुलगा असताना ती तशी हसायची.

गर्दीने दोघांना गिळलं. सासूबाईंचे डोळे भरून आले. मागे सुनेचा पलंग होता, चादर नीट घडी घातलेली. पुढे घरही असंच दिसणार, रिकामं आणि नीटनेटकं. त्यांनी पदराने डोळे कोरडे केले, देवाच्या तसबिरीला हात जोडले आणि फोन लावला.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "मी नको नको म्हटलं, आणि गेली हो एकदाची! आता सांगा, उद्या तुमच्या हिरव्या सॅकवाल्या मुलाला कुठल्या गाडीत बसवताय? आमचीही तिकिटं त्याच डब्यात काढते."