वीस पानांची क्रमवारी

कारखान्याच्या नव्या कम्प्युटरवर बन्सीधर हजारो ऊसवाल्यांची नावं चहा येईस्तोवर क्रमानं लावायचा. आज अकराला परभणीत बी.कॉम.चा पेपर होता, एस.टी. सुटायला आली होती आणि स्वतःची वीस पानं त्याला लावता येईनात. ड्यूटीवरून येऊन त्यानं प्रिंटरच्या कोऱ्या, अखंड कागदावर रात्रभर नोट्स काढल्या होत्या. सकाळी बायकोनं तो घडीघडीवर फाडून हाती येईल तसा रचला. “लुगड्याएवढं लांब व्हतं, वाचणार कसं?” सुला म्हणाली. “पानांवर नंबर न्हाईत गं! वर्ष गेलं.” अक्षरओळख नसलेल्या सुलानं चहा उकळेस्तोवर पानं लावली. “ताठ अक्षर आधीचं. पेंगायलंय ते मधलं. आडवं पडलंय ते नंतरचं.” त्यानं वाचून पाहिलं; एकही पान चुकलं नव्हतं. “हे शेवटचं कशावरून?” पानावरची रेघ कडेपर्यंत घसरली होती. “इथं मी तुमच्या हातातला पेन काढून घेतला.”