भाऊसोचा बार

“ओ पावणं, खाली बसा की! आम्हीबी पोरगीच बघायला आलोय.”

मागच्या पायरीवरचा गॉगलवाला बोलला आणि भाऊसोचं डोकं तापायचं जेवढं बाकी होतं, तेवढंही तापलं. सकाळपासनं तो धुमसतच होता. कुरुंदवाडहून निघताना गाडी पंक्चर. कोल्हापुरात पोचल्यावर तलावाच्या गेटवर वॉचमननं हलगीवाल्यांना अडवलं. “पोहायची स्पर्धा हाय, वरात न्हाय,” म्हणाला. हलगीवाले मग भाऊसोच्या पैशानं बाहेर मिसळ खात बसले.

खाली चौथ्या पट्टीच्या ठोकळ्यामागं निशिगंधा उभी होती. भाऊसोची तेरा वर्षांची थोरली. अंतिम शर्यत होती, आणि पहिली येणारी एकटीच राज्याच्या स्पर्धेला जाणार होती.

खरंतर निशी गेल्या वर्षीच गेली असती. पण ऐन वेळी कुणीतरी गॅलरीत टाळी वाजवली आणि ही सुरुवातीचा भोंगा वाजायच्या आधीच पाण्यात. बाद! पुढं महिनाभर गावातली टवाळ पोरं भाऊसोच्या मागं टाळी वाजवून पळायची. ते त्याच्या जिव्हारी लागलं. मग त्यानं कोचबिच बाजूला सारला आणि पोरीला स्वतः हातात घेतलं. मळ्यातल्या विहिरीवर पहाटे बाप-लेकीचा असा काही दणका चालायचा की म्हशी दूध चोरायला लागल्या, आणि शेजारची अंबूबाई पोलिसात जायची भाषा करायला लागली.

यंदा हार होणारच नव्हती. चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स काल रात्रीच लागला होता. त्यात निशीचा फोटो पासपोर्टएवढा आणि भाऊसोचा कानाला मोबाइल लावून, कमरेपर्यंत. सत्काराचा भगवा फेटाही त्यानं घरूनच डोक्यावर चढवून आणला होता. मेहुणा पिराजी भिंतीपलीकडं टेम्पोच्या टपावर बसला होता, एका हातात पेटती उदबत्ती, दुसऱ्या हातात सुतळी बॉम्ब. त्याला बजावून ठेवलं होतं, “माझा फेटा वर गेला की पोरगी जिंकली समजायचं. इचारत बसायचं न्हाय. बार उडवायचा.”

शिट्टी झाली. आठही पोरी ठोकळ्यावर चढल्या, वाकल्या. सगळा तलाव चिडीचूप.

“भिंत झालाय नुसती!” मागनं गॉगलवाला पुटपुटला.

भाऊसो गर्रकन वळला. “कुणाला भिंत म्हणतोस रं? कुरुंदवाडात येऊन बघ, भाऊसो कोण हाय ते!” आणि त्यानं डोक्यावरचा फेटा उपसून त्याच्या थोबाडावर हाणायला वर उचलला.

धडाम!

गॅलरीतली कबुतरं उडाली. गॉगलवाल्याचा गॉगल पडला. भाऊसोनं परत वळून बघितलं, तर सात पोरी पाण्यात. आणि आठवी, त्याची स्वतःची, ठोकळ्यावर तशीच वाकून उभी. ढिम्म!

भाऊसोच्या डोळ्यांपुढं फ्लेक्स नाचला. गेल्या वर्षीच्या टाळ्या एकदम कानात वाजल्या.

“उडी मार की गं भवाने! बहिरी झालीस काय? सगळ्या गेल्या की!”

निशी हलली नाही. मान वर केली नाही. पंचानं पोरींना थांबवायला पाण्यावर आडवी दोरी टाकलेली, पुढच्या पोरी तिच्यात अडकून मागं बघायला लागलेल्या, यातलं भाऊसोला काही दिसलं नाही. त्याला दिसत होती फक्त पोरीची पाठ. फेटा हातात तसाच धरून तो पायऱ्या उतरला, कठडा ओलांडला, एका स्वयंसेवकाला आडवा केला, ठोकळ्यापाशी पोचला आणि दोन्ही हातांनी तिला पाण्यात ढकललं.

“मार पाय! मार पाय!”

पंचबाईंची शिट्टी त्याच्या कानाशीच वाजली. “ओ! कोण तुम्ही?”

“बाप हाय तिचा!”

“शोभताय. अहो, शर्यत सुरूच झाली न्हाय अजून! भोंगा कुठं वाजला? भायेर कुणी बेअक्कल माणसानं बॉम्ब लावला, त्याला दचकून सातजणी उडाल्या. त्यांची चूक न्हाय, त्या परत उतरणार.” बाईंनी पाण्याकडं हात केला. “बाहेरच्या माणसानं हात लावला की पोहणारा बाद. एवढ्या आठ जणींत ही एकटी बरोबर उभी होती, अन् आता हीच एकटी बाद.”

भाऊसोचं तोंड लालबुंद झालं. राग कुणावर तरी काढायलाच हवा होता.

“कोण हाय तो बॉम्बवाला? आणा त्याला म्होरं! जित्ता सोडत न्हाय!”

भिंतीवरनं पिराजीचं डोकं वर आलं. सगळे दात बाहेर.

“दाजी, टायमावर उडाला न्हवं? दुसरा लावू?”

अख्खी गॅलरी भाऊसोकडं बघायला लागली. त्यानं फेटा पाठीमागं लपवला.

निशी काठ धरून बाहेर आली. निथळत त्याच्यासमोर उभी राहिली. तिनं रबरी टोपी ओढून काढली आणि त्याच्या पायाशी आपटली. मागं भोंगा वाजला, सात पोरी पाण्यात पडल्या. निशीनं वळून बघितलंसुद्धा नाही.

“मी बहिरी न्हाय, पप्पा. वरीसभर विहिरीवर माझ्या मागं सुतळी बॉम्ब लावून तुम्हीच शिकवलं की, कायबी वाजू दे, भोंग्याबिगर हलायचं न्हाय!”